नको नको म्हणत गेलेली मेग

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या वाचनसभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत मी एखाद्या पुस्तकाविषयी बोलावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सुचविले, तेव्हा मी प्रथम 'नको' म्हटले. दुसऱ्यांदा विचारले तेव्हाही 'नको'च म्हटले. तिसऱ्या खेपेला त्या घरी आल्या, चहा घेतला, आणि पुढे काहीच न बोलता माझ्याकडे बघत बसल्या. मग मात्र मी हो म्हटले. ही घरगुती गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आज जिची कथा मी सांगणार आहे तीदेखील अशीच नको नको म्हणत गेलेली मुलगी आहे. फरक इतकाच, की मला आपल्यासमोर उभे राहावयाचे होते आणि तिला जावयाचे होते प्रत्यक्ष काळोखाच्या घरात.

पुस्तकाचे नाव 'अ रिंकल इन टाइम', म्हणजे काळाला पडलेली चुणी. मॅडलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेचे हे पुस्तक १९६२ साली निघाले. ते मला दिले माझ्या नातीने. "आजी, हे वाच. यातली मुलगी अगदी तुझ्यासारखी आहे," असे ती म्हणाली. "माझ्यासारखी म्हणजे कशी?" असे मी विचारताच बाईसाहेबांनी उत्तर दिले, "चिडकी!" आता अशी शिफारस झाल्यावर पुस्तक वाचण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मी आपली मराठी शाळेत जन्म काढलेली शिक्षिका. दुपारची जेवणे आटोपली, की शब्दकोश शेजारी घेऊन रोज पाच-सहा पाने, असे करीत ते मी पुरे केले.

पुस्तकात शिरण्यापूर्वी लेखिकेविषयी चार शब्द सांगते, कारण तिची हकीकतही आपल्या जिव्हाळ्याची आहे. मॅडलिनबाईंचा जन्म १९१८ सालचा, न्यूयॉर्कचा. पती नाटकात काम करणारे. १९५०नंतरची काही वर्षे हे कुटुंब कनेक्टिकट संस्थानातल्या एका खेड्यात राहिले आणि तिथे त्यांनी किराणा मालाचे दुकान चालविले. मुले, घर, दुकान आणि उरल्या वेळात लेखन. लिहिलेले छापून येईना. आपण घराचा वेळ खातो आणि चार पैसेही आणीत नाही, ही टोचणी त्यांच्या मनाला सारखी लागून राहिली. १९५८ साली त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवशीच आणखी एक हस्तलिखित नाकारल्याची बातमी आली. बाईंनी टंकलेखनयंत्रावर कापड टाकले, लिहिणे कायमचे सोडले असे ठरविले, आणि रडत रडत खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. येरझाऱ्या घालता घालता त्यांच्या ध्यानात आले, की अपयश या विषयावरची एक कादंबरी आपण मनात जुळवू लागलो आहोत! तेव्हा त्यांनी कापड काढले. पुढल्याच वर्षी कुटुंबासह मोटारीने देशभर प्रवास करीत असता, ॲरिझोनाच्या रंगीत वाळवंटातून जाताना, त्यांना या पुस्तकातल्या तीन चमत्कारिक बायकांची नावे सुचली. लिहून झालेले पुस्तक २५हून अधिक प्रकाशकांनी परत केले. शेवटी ते एकाने छापले, आणि १९६३ साली त्याला बालवाङ्मयासाठी अमेरिकेत मानाचे समजले जाणारे न्यूबेरी पदक मिळाले. लेखिका २००७ साली वारल्या. पुस्तक अजून जगभरची मुले वाचतात.

आता गोष्टीकडे वळू.

वादळी रात्र आहे. माळ्यावरच्या खोलीत मेग अंथरुणात कुडकुडत बसली आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलगी. डोळ्यांना चष्मा, दातांना तारा, केस कधी धड बसत नाहीत. शाळेत मागे पडलेली. गणित तेवढे उत्तम येते, पण ते आपल्याच रीतीने सोडविते म्हणून तिथेही बोलणी खाते. धाकट्या भावाला कोणी पोरगा वेडेवाकडे बोलला, तर हिने त्याच्याशी मारामारी केली आणि गालावर वळ घेऊन घरी आली. हा धाकटा भाऊ चार्ल्स वॉलेस, अवघा पाच वर्षांचा. गाव त्याला मंद समजते, आणि वास्तविक तो इतका हुशार आहे की बहिणीच्या मनातले तिने न सांगता ओळखतो. मधले दोघे जुळे भाऊ चारचौघांसारखे आहेत. आई शास्त्रज्ञ. घराला लागूनच तिची प्रयोगशाळा आहे, आणि कामातून उठावयास नको म्हणून रात्रीचे कालवण ती प्रयोगाच्याच शेगडीवर शिजत ठेवते. हे वाचून मला फार बरे वाटले. विद्वान बायकांनाही कालवण चुकत नाही!

वडीलही शास्त्रज्ञ आहेत, पण ते घरी नाहीत. सरकारच्या कसल्याशा गुप्त कामावर ते गेले आणि पुढे त्यांची पत्रे येईनाशी झाली. गावात कुजबूज चालते, की गेला असेल दुसऱ्या बाईबरोबर. आई कुणाला उत्तर देत नाही. ती रोज रात्री नवऱ्याला पत्र लिहिते.

अशा त्या वादळी रात्री मफलर आणि चिंध्या गुंडाळलेली एक विचित्र म्हातारी दारात येते. तिचे नाव मिसेस व्हॉट्सिट. तिच्या दोन सोबतिणी आहेत, मिसेस हू आणि मिसेस विच. माझ्या नातीने त्यांची मराठी नावे ठेवली आहेत: कायबाई, कोणबाई आणि कोणतीबाई. मीही आज हीच नावे वापरते. या तिघी माणसे नव्हेत. कायबाई तर एके काळी आकाशातला तारा होती, आणि काळोखाशी लढताना तिने आपले तारेपण गमावले. त्या मुलांना सांगतात, की तुमचे वडील जिवंत आहेत, पण दूरच्या एका ग्रहावर बंदिवान आहेत, आणि त्यांना सोडवावयाचे तर तुम्हीच गेले पाहिजे. मेग, चार्ल्स वॉलेस आणि त्यांचा नवा मित्र कॅल्विन अशी तीन मुले निघतात.

इतक्या दूर जावयाचे कसे? त्यासाठी लेखिकेने जी युक्ती योजली आहे ती बायकांना लगेच कळेल. हा पाहा मी माझा पदर दोन हातांत ताणून धरला. या हातापाशी एक मुंगी आहे. तिला त्या हाताकडे जावयाचे, तर सगळा पदर चालून जावे लागेल. आता मी दोन्ही हात जवळ आणते. पदराला चुणी पडली, आणि मुंगी एका पावलात पलीकडे गेली. पुस्तकात हे एका बाईच्या झग्याचे कापड धरून दाखविले आहे, एवढेच. याला तिथे 'टेसरॅक्ट' म्हटले आहे. शब्द भूमितीतलाच आहे. रेघेपासून चौरस होतो, चौरसापासून घन होतो, आणि घनाला आणखी एक मिती जोडली असे कल्पिले तर जी आकृती होईल तिचे हे नाव. लेखिकेने त्याच्यावर कल्पनेचा कळस चढविला आणि त्यातून प्रवासाची वाट काढली.

वाटेत मुलांना एक मोठी काळी सावली दिसते. ताऱ्यांना गिळीत चाललेली. आपली पृथ्वीही त्या सावलीत वेढलेली त्यांना दाखवितात. पण पृथ्वीवर तिच्याशी झगडणारे पुष्कळ झाले, हेही सांगतात, आणि मुले एकेक नावे आठवू लागतात. त्यांत येशू आहे, शेक्सपियर आहे, मादाम क्यूरी आहेत, आणि आपले बुद्ध व गांधीजीही आहेत. इतक्या दूरच्या पुस्तकात आपल्या माणसांची नावे अशी सहज भेटली, की परगावच्या लग्नात माहेरचे कोणी दिसल्यासारखे वाटते.

ज्या ग्रहावर वडील अडकले आहेत त्याचे नाव कॅमाझॉट्झ. त्या गावात शिरण्यापूर्वी तिघी बायका मुलांना एकेक देणगी देतात. कायबाई मेगला म्हणते, की मी तुला तुझे दोष देते. बिचारी मेग गोंधळते. राग, हट्ट, उतावीळपणा हे घालविण्यासाठी तर ती जन्मभर धडपडत आली! कायबाई सांगते, की तिथे हेच तुझ्या उपयोगी पडतील.

मग ते गाव येते. तिथे भूत नाही, राक्षस नाही. सारखी घरे, सारखी अंगणे, सारखी फुलझाडे. प्रत्येक घरापुढे एक मूल खेळते आहे. मुली दोरीवर उड्या मारताहेत, मुलगे चेंडू आपटताहेत, आणि सगळ्या दोऱ्या व सगळे चेंडू एकाच क्षणी जमिनीला लागतात. मग एकाच क्षणी सगळी दारे उघडतात, सगळ्या आया बाहेर येतात, टाळी वाजवितात, आणि मुले आत जातात. एकाच मुलाचा चेंडू ताल सोडून पडतो आणि घरंगळत जातो. त्याची आई भेदरून बाहेर येते आणि त्याला ओढून आत नेते. आपली मुले चेंडू द्यावयास दारात गेली, तर ती कबूलच होत नाही की हा चेंडू आमच्या मुलाचा.

भगिनींनो, त्या आईपाशी मी बराच वेळ थांबले. एकतीस वर्षे मी वर्गात उभी राहिले. सगळ्यांनी एका सुरात कविता म्हणावी, एका पद्धतीने गणित मांडावे, याचा मला केवढा अभिमान! एखादा आपल्याच चालीने चालला, की मी त्याच्या आईला बोलावून घेत असे. ती बिचारी अशीच भेदरून येई आणि घरी जाऊन पोराला धपाटे घाली. आज ते चेहरे आठवतात. मुलाची शिस्त आणि मुलाचे भय यांतला फरक मला नेहमी कळला असेच नाही.

त्या ग्रहावर राज्य करणाऱ्याला नाव नाही. त्याला नुसते 'ते' म्हणतात. 'ते' म्हणजे शरीरावाचून जिवंत असलेला एक प्रचंड मेंदू. सर्वांच्या वतीने तो एकटाच विचार करतो, म्हणून कुणाला काळजी नाही, कुणाला निवड नाही. चार्ल्स वॉलेसला वाटते, की आपण एवढे हुशार, आपण त्याच्या मनात डोकावून सुखरूप परत येऊ. हा त्याचा गर्व त्याला भोवतो. 'ते' त्याला गिळते. शरीर त्याचे, पण डोळे परके, बोलणे परके. मेग कशीबशी वडिलांना सोडविते, पण 'ते' त्या सर्वांवर आपला ताल चढवू लागते. त्यातून निसटण्यासाठी मेग बडबडगीते म्हणू पाहते, तर ती त्या तालातच बसतात. मग ती वर्गमुळे काढू लागते, कारण पाचाचे वर्गमूळ कुठल्याही ठेक्यात बसत नाही! तेवढ्या अवधीत वडील तिला आणि कॅल्विनला घेऊन तिथून निसटतात. चार्ल्स वॉलेस मात्र मागे राहतो.

दुसऱ्या एका करड्या ग्रहावर मेग शुद्धीवर येते ती थंडीने लाकूड होऊन आणि रागाने जळत. राग कुणावर? वडिलांवर. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला, ते आले की सारे ठीक होईल असे वाटले, ते वडील भावाला तिथे टाकून आले! तिथले प्राणी डोळे नसलेले, उंच, केसाळ. त्यांतली एक मेगला कुशीत घेते, ऊब देते, भरविते. मेग तिला 'आँट बीस्ट' म्हणते. मी तिला पशुमावशी म्हणते. आईनंतर मावशीच, नाही का?

मग त्या तिघी पुन्हा येतात. चार्ल्स वॉलेसला आणावयास कोणीतरी परत गेलेच पाहिजे. कोण जाणार? वडील म्हणतात मी जातो. पण ते गेले तेव्हा हा मुलगा तान्हा होता. तो त्यांना ओळखतही नाही. कॅल्विन म्हणतो मी जातो. पण त्याची ओळख कालचीच. राहिली मेग. जिला सर्वांत अधिक भीती वाटते आहे ती मेग. ती रडते, चिडते, आणि शेवटी रडतच ओरडते, की जाते मी, तुम्हाला तेच तर हवे आहे. त्यावर कायबाई शांतपणे म्हणते, की असे रुसून, मनाविरुद्ध केलेले आम्हाला काहीच नको.

इथे मी पुस्तक मिटले, आणि दोन दिवस ते उघडले नाही. त्याचे कारण सांगते.

१९६८ साली मी चौदा वर्षांची होते. आम्ही साताऱ्याजवळच्या एका खेड्यात राहात होतो. वडील फौजेत, तिकडे आसामच्या बाजूला. धाकटा भाऊ सात वर्षांचा. त्याला चांगली शाळा मिळावी म्हणून पुण्यास एका दूरच्या नातेवाइकांकडे ठेवला होता. त्या घराला मी दोष देत नाही. त्यांचीच मुले पुष्कळ होती आणि जागा दोन खोल्यांची. दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले, की मुलगा बोलत नाही, धड जेवत नाही, कुणीतरी येऊन घेऊन जा. आई विषमज्वराने अंथरुणाला खिळलेली. वडिलांना पत्र पोहोचून रजा मिळेपर्यंत महिना गेला असता. आजीला मोटारीत बसवत नसे.

मी म्हटले, मी नाही जाणार. एकटीने मी कधी तालुक्यापलीकडे गेले नव्हते. मला भीती वाटत होती, पण भीती वाटते असे सांगावयाची लाज वाटे, म्हणून मी भांडत होते. त्याला पुण्याला पाठवा असे मी म्हटले होते का? बाबांनी काय ते बघावे. प्रत्येक वेळी मीच का? आई काही बोलली नाही. तिने उशाजवळची पिशवी ओढली आणि तिच्यात भावाचा एक घरचा सदरा घडी करून ठेवला. तो सदरा पाहून मला एकाएकी समजले, की आई जाऊ शकत नाही आणि तिला जावेसे वाटते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघाले. गाडीचे वाहक आमच्या गावचे होते. त्यांनी स्वारगेटला उतरवून वाट दाखविली.

वाटभर मी त्या घरच्या माणसांना काय काय बोलावयाचे त्याची उजळणी केली होती. खरोखरच दारापर्यंत मला माझ्या रागानेच नेले. आत भाऊ कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी त्याला चल म्हटले. तो म्हणाला, "तू जा. तू मला आवडत नाहीस." मी त्याच्यावर ओरडले. तो अधिकच भिंतीला चिकटला. तेव्हा माझे भांडण संपले. माझ्यापाशी बोलण्यासारखे काही उरलेच नाही. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तो घरचा सदरा काढून माझ्या मांडीवर ठेवला, आणि बसून राहिले. किती वेळ ते आठवत नाही. केव्हातरी त्याने तो सदरा ओढून घेतला आणि अंगात घातला.

परतीच्या गाडीत तो एक शब्द बोलला नाही. खंबाटकी घाटात गाडी वळणे घेऊ लागली तेव्हा त्याने माझा हात ओढला आणि म्हणाला, "ताई, मला ओकारी येते आहे." इतक्या आनंदाने कुणाची ओकारी कुणी काढली नसेल! आज तो भाऊ आजोबा झाला आहे. त्या दिवसाविषयी आम्ही दोघे आजवर कधी बोललो नाही.

तेव्हा मेगचे त्या क्षणी काय झाले असेल, हे मला पुस्तकाने सांगण्यापूर्वीच ठाऊक होते. मेग रडता रडता थांबते. तिला समजते, की दुसरे कोणी जाण्याजोगे नाही. समजल्यावर तिचे मन विलक्षण शांत होते. भीती गेली असे मात्र नाही. मग ती वडिलांजवळ जाऊन क्षमा मागते. तिचे म्हणणे असे, की सगळे तुम्हीच करावे, मला काही करावे लागू नये, असे मला वाटत होते. मी घाबरले होते, म्हणून सारा दोष तुमच्यावर ढकलला. भगिनींनो, पंखांच्या घोड्यांपेक्षा आणि दूरच्या ग्रहांपेक्षा मला या पुस्तकातले हेच साहस मोठे वाटते. भ्यालेल्या माणसाने 'मी भ्याले होते' असे म्हणणे किती कठीण आहे, ते मला विचारा.

ती एकटी परत जाते. या खेपेला तिला एवढेच सांगितले आहे, की 'त्या'च्याजवळ नसलेली एक गोष्ट तुझ्याजवळ आहे, ती तुझी तूच शोध. भावाच्या तोंडून 'ते' तिला टोचून बोलते. तिला संताप येतो, आणि तिच्या ध्यानात येते की आपल्या द्वेषाने 'ते' अधिकच बळावते. द्वेष तर त्याच्यापाशी हवा तेवढा आहे! मग ते म्हणते, की ती तुझी कायबाई तुझा तिरस्कार करते. इथे ते फसते. कायबाईची माया मेगने निघतानाच पदरात बांधून घेतली होती. ती तिला आठवते, आणि आपल्यापाशी काय आहे ते तिला कळते.

पुढे जे होते ते नीट ऐका. मेगला वाटते, की आपण 'त्या'च्यावर माया केली तर ते विरघळूनही जाईल. पण तेवढी ताकद तिच्यात नाही. ते तिला जमत नाही, आणि जमत नाही हे ती मान्य करते. पण चार्ल्स वॉलेसवर माया करणे तिला जमते. ती त्याच्याकडे बघत उभी राहते आणि पुन्हा पुन्हा त्याला तेवढेच सांगते. होता होता ते परके डोळे निवळतात, आणि पाच वर्षांचे पोर हुंदके देत येऊन तिला बिलगते. क्षणात सारी घराच्या परसात, जुळ्या भावांच्या भाजीच्या वाफ्यात येऊन आदळतात. दारातून आई धावत येते. संपली गोष्ट.

काही भगिनी म्हणतील, की शेवट सोपा केला. मायेने सारे जिंकले की झाले! मलाही प्रथम तसे वाटले. पण पुन्हा वाचताना दिसले, की सारे जिंकलेच नाही. कॅमाझॉट्झ होते तसेच राहिले. 'ते' मेले नाही. ज्या मुलाचा चेंडू ताल सोडून पडला, त्याला पुढे मुलांनी कोठडीत पाहिले होते. तो रडत रडत चेंडू आपटण्याचा सराव करीत होता, आणि प्रत्येक आपटीगणिक त्याला वेदना होत होती. तो मुलगा तिथेच राहिला. मेगने जग वाचविले नाही. तिने एक मूल घरी आणले.

याच ठिकाणी मला आपले मंडळ आठवले. आपण कुठे कुणाचे राज्य उलथविणार आहोत? पण या इतक्या वर्षांत कुणा एकीची परीक्षेची फी भरली, कुणा एकीला दवाखान्यात नेले, कुणा एकीच्या नवऱ्यापुढे चौघी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांतली कोणतीही गोष्ट हौसेने झाली असे मला आठवत नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी 'मला नको सांगू बाई' म्हटले, आणि मग तीच पदर खोचून निघाली.

म्हणून आपल्या मुली-नातींविषयी एकच विनंती करून थांबते. घरात एखादी चिडकी, हट्टी, आपल्याच रीतीने गणित सोडविणारी पोर असेल, तर तिचे ते कोपरे घासून गुळगुळीत करण्याची घाई करू नका. तो राग तिला एक दिवस कुठल्यातरी कठीण दारापर्यंत घेऊन जाईल. दार रागाने उघडत नाही, हे तिचे तिला तिथे कळेल. पण ते केव्हा कळेल? कुणीतरी आधी तिच्या पिशवीत माया बांधून दिली असेल तेव्हा. ते बांधून देणे आपल्या हाती आहे. आणि ती 'नको' म्हणाली, तर लगेच भित्री म्हणू नका. जी भय ओळखून 'नको' म्हणते आणि मग समजून निघते, तिच्यावर मी माझे मूल सोपवीन.

नात आज सभेला आली आहे, शेवटच्या रांगेत. भाषण लांबले तर खूण करीन असे तिने बजावले होते. ती केव्हाची हात हलविते आहे. तेव्हा मी आपली रजा घेते.